बत्तीस बोअरच का?

निवृत्तीच्या वर्षात बराकीत ज्या गप्पा होतात, त्यांत पेन्शन, घर आणि मुलांची फी यांच्या खालोखाल एक विषय हमखास निघतो. लायसन्स काढायचं का, आणि काढलं तर कोणतं पिस्तूल घ्यायचं? वीस-पंचवीस वर्षं ज्याने कोतातून सही करून नऊ एमएमचं पिस्तूल घेतलं आणि सही करून परत केलं, तो माणूस जिल्ह्याच्या ठिकाणच्या बंदुकीच्या दुकानात जातो. काउंटरवर त्याच्यासमोर .३२ ची एक छोटी वस्तू ठेवली जाते. तो ती तळहातावर तोलतो, मॅगझीन काढतो, काडतूस दोन बोटांत धरून बघतो आणि विचारतो, "एवढ्याने काय होणार?" दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "नऊ एमएम का नाही?" त्याचं उत्तर दुकानदार दोन अक्षरांत देतो : पीबी. म्हणजे प्रोहिबिटेड बोअर.

अमेरिकेत खिशात बाळगायच्या पिस्तुलासाठी कोणतं कॅलिबर आणि कोणतं काडतूस घ्यावं, यावर लोक शंभर वर्षं भांडत आले आहेत. तिथे ते भांडण गिऱ्हाइकाचं आहे, पैसे त्याचे आणि पसंती त्याची. आपल्याकडे ही निवड परवानाधारकाच्या हाती फारशी कधी आलीच नाही. ती सरकारने केली. गोळी किती ताकदीची आहे यापेक्षा काडतूस कुठून चोरीला जाऊ शकेल, याचा विचार त्यात जास्त होता. हा इतिहास ठाऊक असला की .३२ वरचा राग निम्मा कमी होतो, आणि उरलेली निवड, म्हणजे काडतुसाची, जरा डोळसपणे करता येते.

आधी हे काडतूस कुठलं ते बघू. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या यूटा प्रांतातला बंदूकवाल्याचा मुलगा. त्याचं खिशातलं ऑटोमॅटिक पिस्तूल बेल्जियममधल्या एफएन कंपनीने बनवायला घेतलं. ते १८९९ मध्ये तयार झालं आणि १९०० चं मॉडेल म्हणून जगभर गेलं. त्याच्यासाठी ब्राउनिंगने जे काडतूस आखलं ते ७.६५ एमएम ब्राउनिंग, आपल्या बोलण्यातलं .३२ पिस्तूल. यातली खुबी अशी, की काडतुसाची ताकद मुद्दामच मर्यादित ठेवली होती. आपल्या नऊ एमएमच्या पिस्तुलात फायर होताना बॅरल आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेली राहतात, कारण दाब जास्त असतो. .३२ ला त्या यंत्रणेची गरज नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर काम भागतं. म्हणून पिस्तूल सपाट, हलकं आणि कमी भागांचं होतं, कोटाच्या खिशात मावतं आणि घाईत ओढताना अडत नाही.

ताकदीचे आकडे सरळ सांगतो. .३२ ची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे साधारण ४.६ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला सुमारे ९०० फूट. ऊर्जा १३० फूट-पाउंडांच्या आसपास. नऊ एमएमची गोळी ११५ ग्रेनची, वेग साडेअकराशे फुटांच्या पुढे, ऊर्जा ३५० च्या आसपास. म्हणजे फरक अडीच पटींहून जास्त आहे, आणि काउंटरवर तोंड वाकडं करणाऱ्या सुभेदारसाहेबांचं अगदीच चुकत नाही.

इथेच एक गोष्ट बजावून ठेवतो, कारण ती अनुभवी माणसांनाही गोंधळात टाकते. आपल्याकडे '.३२' या एका नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. पिस्तुलाचं वर सांगितलं ते. रिव्हॉल्व्हरचं म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ चं, लांब, रुंद कडेचं, बहुधा ९८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीचं आणि वेगाने आणखी सावकाश, सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास. याच घराण्यातलं काडतूस झाडणारी कोल्ट रिव्हॉल्व्हर न्यूयॉर्कच्या पोलिसांना देण्याचा निर्णय तिथले तेव्हाचे पोलीस कमिशनर थिओडोर रूझवेल्ट यांनी घेतला होता, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेली अर्ध्या किलोची 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर हेच काडतूस घेते. परवान्यावर नुसतं '.३२' लिहिलेलं असलं तरी दुकानात 'पिस्तूल' की 'रिव्हॉल्व्हर' हे सांगूनच पाकीट मागायचं.

आता कायद्याकडे वळू. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा आर्म्स अ‍ॅक्ट आपण शाळेत हिंदी लोकांना निःशस्त्र करणारा कायदा म्हणून शिकलो, आणि तो तसा होताच. पण परवाना मिळालेल्या माणसानेही कोणतं बोअर वापरावं, हा विचार नंतर नियमांतून वाढत गेला, आणि त्याची सगळ्यात गमतीची कथा शिकारी रायफलींची आहे. वायव्य सरहद्दीवर आणि देशात इतरत्र जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली पसरल्या होत्या, त्यांचं बोअर .४५०. शिकारीसाठी येणारं .४५० चं साहित्य त्या रायफलींच्या कामी येईल, या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या शिकारी रायफलींची आयात बंद केली. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? .४६५, .४७० आणि .४७५ अशी नवी बोअरं काढली, म्हणजे चार केस इकडे नाहीतर तिकडे. वाघ आणि हत्तींच्या शिकारकथांत भेटणारी .४७० ही जंगलाच्या गरजेतून जन्मली नाही, ती सिमल्याच्या एका फाइलीतून जन्मली.

आपली ओळखीची .३१५ हेही त्याच जातीचं उदाहरण. फौजेची रायफल .३०३, म्हणून नागरिकाला .३०३ नाही. मग ऑस्ट्रियाचं जुनं आठ एमएम मॅनलिकर काडतूस .३१५ या नावाने हिंदुस्थानच्या बाजारात आलं, आणि पुढे इशापूरच्या रायफल फॅक्टरीने त्याच बोअरची स्पोर्टिंग रायफल बनवली. उत्तर प्रदेशात पोस्टिंग झालेल्यांनी ही रायफल खांद्यावर टाकून सायकलवरून बाजाराला निघालेले चाचा नक्की बघितले असतील.

पिस्तुलांच्या बाबतीत सरकारला धडा मिळाला तो कलकत्त्यात. २६ ऑगस्ट १९१४ या दिवशी रॉडा कंपनीची २०२ खोकी कस्टममधून सुटली. त्यांतली १९२ गोदामात पोचली आणि १० खोकी बैलगाडीतून भलतीकडे गेली. आत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. क्रांतिकारकांनी नेलेल्या या मालाबद्दल लिहिताना बहुतेक लोक पिस्तुलं मोजतात. माझ्या मते मोजायला हवीत ती काडतुसं : एका पिस्तुलामागे ९२०. पिस्तूल लपवता येतं, दुरुस्त करता येतं, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं. काडतूस मात्र एकदा झाडलं की संपलं. माउझरचं ७.६३ एमएमचं काडतूस बंगालमधल्या कोणत्याही किराणा-बाजारात मिळणार नव्हतं, तरी पुढची काही वर्षं त्या पिस्तुलांनी इंग्रजांची झोप उडवली, ती या साठ्याच्या जोरावर.

स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला आणि १९६२ चे नियम आले, तेव्हा हाच धागा परिशिष्टात उतरला. सरकारी सेवेचं .३८० किंवा .४५५ चं कडेवालं काडतूस, किंवा सेवेतलं नऊ एमएम आणि .४५ चं बिनकडेचं काडतूस ज्यात बसेल आणि झाडता येईल, असं कोणतंही पिस्तूल, रिव्हॉल्व्हर वा कार्बाइन निषिद्ध. भाषा नीट बघा. 'एवढ्या ताकदीपेक्षा जास्त नको' असं तिथे म्हटलेलं नाही. 'फौजेचं किंवा पोलिसांचं काडतूस त्यात जायला नको' एवढंच म्हटलंय. कोतातून किंवा रेंजवरून गायब झालेलं एक पाकीट बाहेरच्या कोणत्याही परवान्याच्या शस्त्राला उपयोगी पडू नये, हा हिशेब. रेंजवर फायरिंगनंतर खोके मोजताना एक कमी भरलं की सगळी प्लाटून गवतात वाकून शोधत बसते. ज्याने ते ऊन खाल्लंय त्याला हे परिशिष्ट समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे .३२ उरलं ते मुख्यतः कोणत्याच सेवेचं काडतूस नव्हतं म्हणून. ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात जवळपास थांबली आणि मग जुनी वॉल्थर किंवा वेब्ली हातोहात सोन्याच्या भावाने जाऊ लागली. बाकी सगळ्यांसाठी आयुध निर्माणींचं .३२.

पण या बिचाऱ्या काडतुसाला आपल्या इतिहासात एक वेगळाच मान आहे. प्रयागराजला पोस्टिंग असेल तर कंपनी बागेतलं, म्हणजे आताच्या चंद्रशेखर आझाद पार्कातलं संग्रहालय चुकवू नका. २७ फेब्रुवारी १९३१ ला ज्या बागेत आझाद लढले, त्याच बागेत त्यांचं कोल्ट पिस्तूल ठेवलंय. १९०३ चं मॉडेल, घोडा आत लपलेला, बोअर .३२. ब्राउनिंगनेच कोल्ट कंपनीसाठी आखलेलं. पोलिसांचे दोन अधिकारी, नॉट-बॉवर आणि बिशेश्वरसिंह, त्या पिस्तुलाने जखमी केले. भगतसिंगांचं पिस्तूलही .३२ चं कोल्टच. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्सवर आधी राजगुरूंनी, आपल्या खेडच्या, गोळी झाडली आणि मग भगतसिंगांनी. ते पिस्तूल १९६९ मध्ये पंजाबातून इंदूरला बीएसएफच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात आलं आणि गंजू नये म्हणून काळा रंग फासलेल्या शस्त्रांत वर्षानुवर्षं पडून राहिलं. २०१६ च्या सुमारास रंग खरवडल्यावर १६८८९६ हा नंबर दिसला, तो खटल्याच्या कागदांशी जुळला, तेव्हा कुठे कळलं की हे ते. कुणा आर्मररने नियमाप्रमाणे रंग दिला म्हणून ते टिकलं, असंही म्हणता येईल.

या माणसांनी .३२ का घेतलं? कारण ते धोतरात, कोटात, सायकलच्या पिशवीत लपायचं. त्याआधी १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती २० ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली, आणि त्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या रात्री कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर झाडलं तेही ब्राउनिंगच. लपवता येणं ही पहिली अट, ताकद ही नंतरची.

आणि इथे एक फरक केला पाहिजे, नाहीतर या उदाहरणांवरून भलताच निष्कर्ष निघेल. लहान काडतुसाने माणूस मरतो, याबद्दल इतिहासाला शंका नाही. सारायेव्होत १९१४ साली आर्चड्यूकवर झाडलेलं ब्राउनिंग .३२ चं होतं असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. प्रत्यक्षात ते ९ एमएम शॉर्टचं होतं. गांधीजींचा खून झाला तो बेरेटा पिस्तुलाने, त्याचंही काडतूस तेच, ९ एमएम शॉर्ट. आपल्या सेवेच्या नऊ एमएमपेक्षा ते बरंच कमजोर, .३२ चं थोरलं भावंडं म्हणावं इतकंच. पण दोन्ही वेळा समोरचा निःशस्त्र होता आणि अंतर काही पावलांचं होतं. स्वसंरक्षणाचा प्रश्न वेगळा आहे. अंगावर कोयता घेऊन येणारा माणूस तासाभराने इस्पितळात मेला, तर त्याचा तुम्हाला काय उपयोग? तो पुढच्या दोन पावलांत थांबला पाहिजे. कायदाही तेवढीच मुभा देतो. जुन्या दंडसंहितेची ९६ ते १०६ ही कलमं आणि आता न्याय संहितेची ३४ ते ४४ स्वतःचा बचाव करायला परवानगी देतात, बदला घ्यायला नाही.

'थांबवणं' हा शब्द फौजेच्या इतिहासात रक्ताने लिहिलेला आहे, आणि त्याचं एक टोक कलकत्त्याजवळच आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत तक्रार आली की .३०३ ची पूर्ण आवरणाची नवी गोळी आरपार जाते आणि पठाण पळत येतच राहतो. डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलं. ती आत गेल्यावर पसरायची. 'डमडम' हा शब्द जगाच्या सगळ्या भाषांत तिथून गेला आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरल्या. तिकडे फिलिपिन्समध्ये अमेरिकनांना .३८ च्या रिव्हॉल्व्हरबद्दल तोच अनुभव आला. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि मेजर लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर, आणि शिवाय प्रेतांवर, गोळ्या झाडून पाहिल्या. त्यांनी .४५ च्या खाली जाऊ नका असं सांगितलं. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही : शरीराच्या बहुतेक भागांवर मोठ्या बोअरचाही भरवसा धरता येत नाही, म्हणून शिपायाला नेमबाजीचा सराव अखंड द्या.

पुढे ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या चकमकीत नऊ एमएमची पसरणारी गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्यानंतर तिथे कसोटी ठरली की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच आत गेली पाहिजे, पसरणं नंतरचं.

आता ही कसोटी .३२ ला लावून बघा. त्याच्याकडे मुळात ऊर्जा थोडी. पोकळ टोकाची गोळी पसरली तर तिथेच दम संपतो आणि अनेकदा ती १२ इंचांच्या आतच अडकते. पूर्ण आवरणाची साधी गोळी मात्र तेवढी खोल जाते. म्हणजे अमेरिकेतल्या भावाने कुणाला पोकळ टोकाचं कौतुक सांगितलं आणि आपल्याला 'साधी' गोळी मिळते म्हणून वाईट वाटलं, तर वाटून घेऊ नये. या बोअरपुरती साधी गोळीच शहाणी. आणखी एक यांत्रिक कारण आहे. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाला अर्धवट कड असते. पोकळ टोकाची काडतुसं लांबीला तोकडी असल्याने मॅगझीनमध्ये पुढे-मागे सरकतात, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकते आणि मॅगझीन तिथेच गच्च होतं. हे स्टॉपेज कॉक करून सुटत नाही, मॅगझीन काढून काडतुसं उपसावी लागतात. मॅगझीन भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला नीट टेकवून, वरच्याची कड खालच्याच्या पुढे ठेवायची सवय लावावी.

चुकीच्या काडतुसाचं सगळ्यात मोठं उदाहरण लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधलं आहे. १३ मार्च १९४० ला उधमसिंगांनी .४५५ च्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडल्या. शस्त्र भारदस्त, अंतर काही फुटांचं. पण काडतुसं अनेक वर्षं जुनी होती आणि बॅरलच्या मानाने त्यांच्या गोळ्या बारीक होत्या. गोळी बॅरलमध्ये सैल गेली की मागचा वायू तिच्या बाजूने निसटतो आणि तिला जोर मिळत नाही. ओड्वायर दोन गोळ्यांनी जागीच मेला. लॉर्ड झेटलंड, लॉर्ड लॅमिंग्टन आणि सर लुई डेन मात्र जखमा होऊन वाचले. .४५५ सारखं बोअर हातात असून काडतुसाने त्याची ही गत केली. बोअरवरून वाद घालणाऱ्या मंडळींना मी हे नेहमी सांगतो.

आपल्या घरांतलं चित्रही फार वेगळं नसतं. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची याचा आकडा असतो. तो संपेल म्हणून लोक एकही झाडत नाहीत, आणि वडिलांच्या वेळचं पाकीट देवघराच्या कपाटात कापूर-उदबत्तीशेजारी पंधरा-वीस वर्षं पडून राहतं. कोकणातल्या किंवा बंगालच्या दमट हवेत प्रायमरचं काय होतं हे आर्मररला विचारा. आपली .३२ ची काडतुसं पुष्कळशी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, तो १८६९ चा. माल बरा असतो, पण कारखाना जुन्या पाकिटाची हमी घेत नाही. वर्षाचा कोटा हा वापरायचा कोटा समजून जुनी काडतुसं परवानगी असलेल्या रेंजवर झाडून टाकावीत आणि नवी आणावीत. त्या निमित्ताने आपलं पिस्तूल कोणत्या काडतुसाला अडतं आणि कोणत्याला नाही, हे रेंजवरच कळतं.

हात थरथरायला लागलेल्या वयात किंवा सराव होणारच नसेल तर मी पिस्तुलापेक्षा .३२ ची रिव्हॉल्व्हर सुचवतो. तिची गोळी पिस्तुलाहून जरा कमजोर, पण एखादं काडतूस फुसकं निघालं तर फक्त ट्रिगर पुन्हा दाबायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर दोन्ही हात लागतात, आणि त्या क्षणी दुसरा हात नातवाचा दंड धरून त्याला मागे ओढत असू शकतो.